मका महागला म्हणून काय घालावे? कनकी, संत्र्याची साल, सोयाबीनचे टरफल आणि गाईचे कोठीपोट

काटोल तालुक्यातील एका दूध उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गोठ्यात सहा संकरित गाई आणि तीन म्हशी आहेत. गाई सरासरी १२ लिटर दूध देतात. मका परवडेना म्हणून खुराकातला निम्मा मका काढला आणि त्या जागी गाईमागे रोज दीड किलो कनकी (तांदळाचा तुकडा) शिजवून द्यायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात रसाच्या कारखान्यातून संत्र्याची ओली साल आणली आणि पहिल्या दिवसापासून गाईमागे दहा-बारा किलो टाकली. दहा दिवसांत दूध अर्धा लिटर वाढले, पण फॅट ४.१ वरून ३.२ वर आले. शेण पातळ झाले, त्यावर फेस दिसतो. एक गाय खुराकाला तोंड लावत नाही, तणस (भाताचा पेंढा) मात्र ओढून खाते. साल बंद करावी का, आणि मक्याला खरा पर्याय कोणता?

साल बंद करू नका, निम्म्यावर आणा. आजच्या आज बंद करायची ती शिजवलेली कनकी. फॅट पडण्यात सालीचा वाटा आहे, पण तो ती एकदम आणि फार दिल्यामुळे. मुख्य कारण शिजवलेला भात आहे. हे का, ते समजून घेतले की पुढे बाजारात कोणताही स्वस्त माल दिसला तरी तो घ्यावा की नाही हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

खुराक विकणारा ऊर्जेचा आकडा सांगतो: अमुक टक्के टीडीएन (खाद्यातला एकूण पचणारा भाग). तो आकडा हवाच, पण गाईसाठी तो अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा असा की ती ऊर्जा कोठीपोटात (गाईचे पहिले, सर्वांत मोठे पोट) किती वेगाने सुटते आणि तिचे कोणते आम्ल होते. मका आणि सोयाबीनचे टरफल यांच्या टीडीएनमध्ये फार मोठी दरी नाही, पण कोठीपोटात दोघांचे वागणे अगदी वेगळे आहे.

साडेचारशे किलोच्या गाईच्या कोठीपोटात अंदाजे ऐंशी ते शंभर लिटर मिश्रण सतत आंबत असते. गाय जे खाते ते आधी तिथले जिवाणू खातात. त्यातून तीन मुख्य आम्ले तयार होतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. गाईची बहुतेक ऊर्जा या आम्लांतूनच येते. चारा जास्त असेल तर त्यांचे प्रमाण साधारण ६५:२०:१५ असते. धान्य वाढवले की अ‍ॅसिटिक पन्नाशीकडे उतरते आणि प्रोपिओनिक तीस-पस्तीसपर्यंत चढते. अ‍ॅसिटिकपासून कासेत दुधाची फॅट बनते. प्रोपिओनिकपासून यकृतात साखर बनते, त्या साखरेपासून दुधातली लॅक्टोज, आणि लॅक्टोजवर दुधाचे माप ठरते. म्हणून तुमच्याकडे दूध वाढले आणि फॅट पडली. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने झाल्या आहेत.

दुसरी गोष्ट सामूची (पीएच; आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त). कोठीपोटाचा सामू ६.२ ते ६.८ मध्ये असला की चारा पचवणारे जिवाणू जोरात असतात. ६ च्या खाली ते मंदावतात. रोज काही तास तो ५.८-५.५ च्या खाली राहू लागला की छुपी आम्लता सुरू झाली असे समजावे. गाय आजारी दिसत नाही, पण फॅट पडते, शेण कधी पातळ तर कधी बरे, खाण्यात चढउतार, आणि दोन-तीन महिन्यांनी खुरांचे दुखणे. ५ च्या खाली गेले की सगळा कारभार लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या हाती जातो. हे आम्ल आधीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी तीव्र असते. त्या टप्प्यावर गाय दगावू शकते.

या आम्लाला तोड म्हणजे लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते आणि तिच्यात सोड्याचा अंश असतो. पण लाळ सुटते ती चघळताना. कडबा, तणस, गवत यांचे लांब धागे असतील तरच गाय सात-आठ तास रवंथ करते. पीठ, भात, लगदा हे न चघळताच खाली जातात. म्हणजे आम्ल करणारा पदार्थ वाढला आणि त्याच वेळी लाळ कमी झाली, असा दुहेरी फटका बसतो. तुमची ती एक गाय खुराक सोडून तणस खाते आहे, ती तिच्या परीने औषधच घेते आहे. तिला तणसच खाऊ द्या.

आता एकेक पदार्थ.

कनकी

मौदा, रामटेक, भंडारा, गोंदियाच्या राइस मिलांमुळे आपल्याकडे कनकी मुबलक मिळते. तिच्यात स्टार्च पाऊणपट, प्रथिने जेमतेम आठ टक्के. ऊर्जेत ती मक्याच्या बरोबरीची आहे, मक्याऐवजी वापरायला हरकत नाही. अडचण आहे ती तयारीत. दाणा शिजला की स्टार्च फुगून मोकळा होतो आणि जिवाणू त्याचा तासाभरात फडशा पाडतात. व्यालेल्या गाईला भात किंवा कण्या शिजवून घालायची पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे. पहिले दोन-चार दिवस ओंजळ-दोन ओंजळ घातल्याने काही बिघडत नाही. रोजचा खुराक म्हणून दीड किलो कनकीचा भात हा मात्र धोका आहे. पीठ करून घातली तरी परिणाम त्याच दिशेचा.

कनकी कोरडी द्या. फार बारीक नको, भरड राहू द्या आणि खुराकात मिसळूनच द्या. एका गाईला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास, फार तर पाऊण किलो. रात्री भिजवून सकाळी द्यायची सवय असेल तर मार्च ते जूनमध्ये ती सोडा. नागपूरच्या उन्हाळ्यात भिजवलेला खुराक रात्रभरात आंबतो. त्याचा आंबूस वास गाईला आवडतो, म्हणून माणसाला वाटते खुराक चांगला जमला. प्रत्यक्षात गाईच्या पोटात आयते आम्ल जात असते.

याच मिलांतून कोंडा येतो. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. तेल न काढलेल्या कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असते. ऊर्जा भरपूर, पण तो काही दिवसांतच खवट होतो आणि त्याचे तेल चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते. गाईमागे एक-दीड किलोच्या वर जाऊ नका आणि आठवड्याला पुरेल एवढाच आणा. तेल काढलेला कोंडा टिकतो, त्यात प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास, फॉस्फरस भरपूर, पण ऊर्जा कमी. दोन्हींत तूस दळून मिसळण्याची लबाडी चालते. चिमूटभर कोंडा पाण्यात टाकून ढवळा. तूस वर तरंगते, बोटांना खरखरीत लागते. दाताखाली कचकच आली तर माती किंवा वाळू आहे.

संत्र्याची साल आणि लगदा

नागपूरकरांच्या हाती असलेला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत वाया जाणारा ऊर्जेचा साठा आहे. अंबिया बहाराचा माल दिवाळीच्या पुढेमागे, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा साल मिळते.

सालीतली ऊर्जा मुख्यतः पेक्टिनमध्ये (फळातला जेलीसारखा चिकट घटक) आणि थोडी साखरेत असते. पेक्टिन वेगाने आंबते, पण त्याचे प्रामुख्याने अ‍ॅसिटिक आम्ल होते, लॅक्टिक होत नाही. शिवाय पेक्टिन खाणारे जिवाणू सामू उतरू लागला की स्वतःच थबकतात. म्हणून मक्याचा काही भाग काढून साल घातली तर फॅट टिकते, बरेचदा सुधारते. मक्याला पर्याय म्हणून ती धान्यापेक्षा सुरक्षित आहे असे मी म्हणतो ते याच कारणाने. पण लक्षात घ्या, सालीत चघळायला लावणारा धागा नाही. ती दिसायला चाऱ्यासारखी असली तरी ती खुराकातच मोजायची, चाऱ्यात नाही. बहुतेक गोठ्यांत गोंधळ इथेच होतो: दहा किलो साल टाकली म्हणून कडबा दोन किलोंनी कमी केला जातो.

ओल्या सालीत कोरडा भाग १८ ते २२ टक्के धरा. तुमची दहा-बारा किलो म्हणजे दोन-सव्वादोन किलो कोरडा माल झाला. हे प्रमाण मुरलेल्या गाईला चालले असते. पहिल्याच दिवशी एवढी साल आणि वर दीड किलो कनकीचा भात, यामुळे ते बिघडले. सुरुवात एक किलोने करायची, दर दोन-तीन दिवसांनी एक किलो वाढवायचे आणि सहा ते आठ किलोंवर थांबायचे. सालीतल्या तेलाचा उग्र वास पहिले तीन-चार दिवस काही गाईंना नको असतो. खुराकाबरोबर कालवून द्या, मग सवय होते.

साल ताजी असतानाच द्या. ढीग करून ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून गरम होते आणि हिरवी-पांढरी बुरशी चढते. बुरशी वरवर झाडून उरलेली घालू नये, तो थर आणि त्याखालची वीतभर साल सरळ खड्ड्यात टाकावी.

टिकवण्याचे दोन मार्ग आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळवणे सोपे पडते: साल चिरून ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून दोनदा उलथणे, तीन-चार दिवस. मोडल्यावर कट्कन तुटली पाहिजे. वाकत असेल तर पोत्यात भरू नका. पेक्टिन पाणी धरून ठेवते, म्हणून ओल्या १०० किलो सालीला अर्धा किलो चुना चोळून तास-दोन तास ठेवून दाबली तर बरेच पाणी सुटते आणि वाळवण लवकर होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळचे दव पडते, ऊन कोवळे असते, तेव्हा वाळवण्याच्या भरीस पडू नये. तेव्हा मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला चारा) करावा.

नुसत्या सालीचा मुरघास होत नाही, पाणी सुटून चिखल होतो. ८० किलो साल आणि २० किलो सोयाबीन कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा गव्हांडा (गव्हाचा भुसा) असे थर लावा. गणित सोपे आहे: ८० किलो सालीत कोरडे १६ किलो, २० किलो कुटारात १८ किलो, एकूण १०० किलोंत ३४ किलो कोरडा माल. मुरघासाला ३० ते ३५ टक्केच हवे असते. मुरघासाच्या जाड पिशवीत किंवा ड्रममध्ये तुडवून हवा काढा, तोंड घट्ट बांधा, चाळीस-पंचेचाळीस दिवस उघडू नका. साखर भरपूर असल्याने वरून गूळ-मळी घालायची गरज नाही. उघडल्यावर रोज वरचा वीतभर थर निघेल एवढी जनावरे असावीत, नाहीतर लहान पिशव्या भरा. असा मुरघास गाईमागे सात-आठ किलोपर्यंत चालतो. कुटारामुळे त्यात थोडा चाराही आला.

नागपूरच्या कळमना बाजारातून किंवा बागेतून गळलेली, बारीक संत्री आणत असाल तर ती चिरूनच घाला. अख्खे लहान फळ गाय न चावता गिळते, ते अन्ननलिकेत अडकते आणि पोट फुगून तासाभरात जीव धोक्यात येतो. अख्ख्या फळात रसामुळे साखरही जास्त असते, म्हणून प्रमाण सालीच्या निम्मे ठेवा. फवारणी झालेल्या बागेतली फळे औषधाच्या प्रतीक्षाकाळात घालू नका.

सालीत फॉस्फरस जवळजवळ नाही, कॅल्शियम मात्र भरपूर, चुना लावून वाळवली तर दीड-दोन टक्क्यांपर्यंत. कोंड्यात नेमके उलटे. दोन्ही एकत्र वापरले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

सोयाबीनचे टरफल

मक्याच्या जागी एकच पदार्थ सुचवा असे कोणी म्हटले तर मी हा सांगेन. सोयाबीन तेल गिरण्यांतून निघणारे हे टरफल म्हणजे धाग्याच्या रूपातली ऊर्जा आहे. त्यात लिग्निन (न पचणारा लाकडी भाग) नगण्य, स्टार्चही नगण्य, प्रथिने ११-१२ टक्के, आणि कोठीपोटात हळूहळू पण जवळजवळ पूर्ण पचते. अ‍ॅसिटिक वाढते, सामू टिकतो. खुराकात १५ ते २० टक्के बेधडक घाला. एवढेच सांभाळायचे की त्याचे कण बारीक आहेत, तेही कडब्याची जागा घेत नाही. दुसरे, कच्च्या सोयाबीनची डाळ त्यात मिसळलेली असेल तर त्या खुराकात युरिया अजिबात नको. कच्च्या सोयाबीनमधले युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियातून अमोनिया झपाट्याने सोडते आणि विषबाधा होते.

सोयाबीनचे कुटार ही वेगळी वस्तू. तो निकृष्ट चारा आहे, ऊर्जा म्हणून मोजू नका.

सरकी, ढेप, डीडीजीएस, मळी

अख्खी सरकी कापसाच्या पट्ट्याची देणगी आहे: सुमारे २० टक्के तेल, २० टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि वरचा रुवा म्हणजे चांगला धागा. दाणा अख्खा असल्याने तेल सावकाश सुटते, म्हणून जिवाणूंना तेवढा त्रास होत नाही. दुभत्या गाईला एक-दीड किलो, म्हशीला दोन किलोंपर्यंत. सरकी दळून घातली की हा फायदा गेला. त्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे वासरांना आणि पैदाशीच्या वळूंना सरकी आणि सरकीची ढेप (पेंड) देऊ नये. एकूण आहारात, कोरड्या वजनावर, तेलाचा अंश ६ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. सरकी, तेल न काढलेला कोंडा आणि डीडीजीएस (धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) हे तिन्ही एकाच वेळी भरघोस घातले तर ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. सामू कमी असताना असे तेल कोठीपोटात गेले की जिवाणू त्याच्यापासून एक वेगळ्या घडणीचे मेदाम्ल बनवतात आणि ते थेट कासेतली फॅट बनवण्याची क्रियाच दाबते. फॅट दहा दिवसांत जवळपास एक टक्क्याने पडली तर नुसत्या अ‍ॅसिटिकच्या घटीने तेवढे होत नाही, हा दुसरा धागाही त्यात असतो. शिजवलेली कनकी थांबवल्यावर फॅट सावरायला दोन-तीन आठवडे लागतील, दुसऱ्याच दिवशी सावरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली तशी डीडीजीएसही बाजारात आली. स्टार्च काढून घेतल्यामुळे आम्लतेचा धोका कमी, मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने २७-३० टक्के आणि तेल ८-१० टक्के, तांदळाच्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या वर. पण स्टार्च निघून गेल्यावर उरलेले सगळे सुमारे तिपटीने दाट होते, अफ्लाटॉक्सिनसह (धान्यावरच्या बुरशीचे विष). जनावराने खाल्लेले हे विष दुधात उतरते आणि दुधातली त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. म्हणून तपासणी अहवालाशिवाय डीडीजीएस घेऊ नका आणि खुराकात १०-१२ टक्क्यांवर नेऊ नका. रंग सोनेरी-तपकिरी हवा. कॉफीसारखा काळपट असेल तर प्रथिने जळलेली आहेत, पचणार नाहीत. प्रथिनांचा आकडा फुगवायला युरिया मिसळलेला मालही येतो. कोमट पाण्यात भिजवून अमोनियाचा वास येतो का पाहा आणि शंका असेल तर प्रयोगशाळेत युरियाची चाचणी करून घ्या. नागपुरात माफसूचे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खाद्य तपासणीबद्दल तिथे विचारा.

मळी चवीला आणि धूळ बसवायला. दिवसाला अर्धा किलो पुष्कळ. साखरेचा स्फोट लगेच होतो, म्हणून ती एकदम न देता खुराकात कालवून द्यावी. निकृष्ट तणस खाणाऱ्या भाकड जनावरांना युरिया-मळीची चाट वीट उत्तम, कारण तिथे जिवाणूंना ऊर्जा आणि नत्र दोन्ही थोडे थोडे, दिवसभर मिळते. मोहफुलेही साखरेचाच पदार्थ, वाळलेली अर्धा किलोच्या आत. मोहाची ढेप मात्र दुभत्या जनावराला नको, तिच्यात सॅपोनिन हे अपायकारक द्रव्य असते.

तुमच्या गोठ्यासाठी मिश्रण

१०० किलो खुराक असा बांधा: मक्याचा भरडा १५, कनकी ७, सोयाबीन टरफल १५, वाळलेली संत्रा साल १०, तेल काढलेला कोंडा ८, सरकी ढेप २५, मक्याची डीडीजीएस ८, सोयाबीन ढेप ९, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिने सुमारे १७ टक्के येतात.

स्टार्चचा हिशेब करून पाहा. पूर्वीच्या पद्धतीचा, ३५ किलो मका आणि २० किलो गव्हाचा कोंडा असलेला खुराक घेतला तर शंभर किलोंत स्टार्च २८ किलोंच्या आसपास होतो. वरच्या मिश्रणात १७-१८ किलो. दिवसाला सहा किलो खुराक खाणाऱ्या गाईच्या पोटात रोज सुमारे पावणेदोन किलो स्टार्च जात होता, आता एक किलोच्या थोडा वर. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण तिचा मोठा भाग धाग्यातून आणि पेक्टिनमधून येतो, आणि दिवसभर पसरून येतो.

ओली साल देत असाल तर मिश्रणातली वाळलेली साल काढा आणि उरलेल्या ९० किलोंचेच मिश्रण करा. अशा खुराकाचे पाच किलो चारशे ग्रॅम आणि वर तीन किलो ओली साल दिली की जमले. साल त्याहून वाढवायची असेल तर दर चार-साडेचार किलो ओल्या सालीमागे एक किलो खुराक कमी करा, पण ढेपेचा वाटा कमी पडू देऊ नका. सालीत प्रथिने सहा-सात टक्केच असतात.

१२ लिटरच्या गाईला हा खुराक सहा किलो, त्यासोबत १५ किलो हिरवे नेपिअर गवत, ४ किलो ज्वारीचा कडबा आणि १ किलो कुटार. कडब्याची कुट्टी इंच-दीड इंच ठेवा. फार बारीक कापली की रवंथ कमी होतो. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो खुराक धरा. म्हैस चारा गाईपेक्षा चांगला पचवते, पण म्हशीच्या दुधात फॅट मुळातच जास्त असल्याने ती एक टक्क्याने पडली तरी लवकर लक्षात येत नाही. म्हणून म्हशींची फॅट वेगळी मोजा, एकत्र कॅनमधून नको.

बदल तीन आठवड्यांत करा: पहिल्या आठवड्यात चौथा हिस्सा नवा, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात पूर्ण. जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवायला दोन आठवडे लागतात, आणि कोठीपोटाच्या आतल्या बोटांसारख्या अंकुरांना, जे आम्ल शोषून घेतात त्यांना, चार ते सहा आठवडे. नुकत्याच व्यालेल्या गाईचे अंकुर आखूड असतात, म्हणून तिच्या बाबतीत आणखी सबुरी हवी.

सकाळी आधी कडबा, अर्ध्या तासाने खुराक. एका वेळी दोन-अडीच किलोंहून जास्त खुराक नको, तीन वेळा विभागून द्या. गव्हाणीत कुट्टी आणि खुराक कालवून देता आले तर सर्वांत चांगले. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा गाय दुपारी खात नाही, धापा टाकते, लाळ गळून वाया जाते, आणि संध्याकाळी भुकेने खुराकावर तुटून पडते. आम्लता उन्हाळ्यात वाढते ती यामुळेच. त्या दिवसांत खुराकाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या, रोज ७०-८० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात मिसळा, पाणी सावलीत आणि सतत हवे. तुमच्या गाईंना सोडा आताही द्या, दोन आठवडे. पण सोडा हा कडब्याला पर्याय नाही.

परिणाम मोजायला यंत्र लागत नाही. जेवणानंतर दोन तासांनी बसलेल्या गाई पाहा, निम्म्या तरी रवंथ करत असाव्यात. एका घासाला पन्नास-साठ चावे हवेत. चाळीसच्या खाली आले तर धागा कमी पडतो आहे. मग ताजे शेण अर्धा किलो घेऊन जुन्या पिठाच्या चाळणीत नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. खाली काय उरते ते नीट पाहा. कनकी-मक्याचे अख्खे तुकडे दिसले तर दाणा न पचता बाहेर येतो आहे. इंचाहून लांब धागे जास्त असतील तर चाऱ्याचे पचन मंदावले आहे. चिकट, पारदर्शक बुळबुळीत पापुद्रे दिसले तर कोठीपोटात न पचलेला स्टार्च मागच्या आतड्यात आंबतो आहे आणि तिथले अस्तर सोलवटते आहे. तुमच्या फेसाळ शेणात आज हेच सापडेल असा माझा अंदाज आहे. दर आठवड्याला त्याच गाईचे, त्याच वेळी धुऊन पाहिले की फॅटच्या आकड्याआधी बदल कळतो.

भावाचा हिशेब नेहमी कोरड्या वजनावर आणि वाहतूक धरून करा. समजा साल गोठ्यात पोचून किलोला २ रुपये पडली. २० टक्के कोरडा माल म्हणजे कोरड्या किलोला १० रुपये, ७५ टक्के टीडीएन धरला तर ऊर्जेच्या किलोला सव्वातेरा रुपयांच्या आसपास. मका समजा २५ रुपये, तर त्याच पद्धतीने तेहेतीस रुपये येतो. पण हीच साल ५ रुपयांना पडली तर फायदा संपतो, कारण तुम्ही पाचातले चार हिस्से पाणी वाहून आणता आहात.

लग्नसराई जवळ आहे म्हणून एक सांगणे. पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपलीभर एका गाईपुढे ओतली जाते आणि बारा ते चोवीस तासांत ती डाव्या कुशीत खळखळ पाण्याचा आवाज, आंबट वासाचे पातळ शेण, खोल गेलेले डोळे आणि लडखडणारी चाल घेऊन उभी असते. असे दिसले तर खुराक आणि पीठ पूर्ण बंद, फक्त कोरडे तणस पुढे टाका आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. गाय उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच १५० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून सावकाश पाजा. बसलेल्या, मान टाकलेल्या गाईला काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. तेल पाजण्याचा घरगुती उपाय इथे करू नका.

गाभण गाई-म्हशींचा हिशेब वेगळा ठेवा. व्यायला तीन आठवडे उरले की संत्र्याची साल, ओली असो वा वाळलेली, पूर्ण थांबवा. तिच्यातल्या जादा कॅल्शियममुळे हाडांतून कॅल्शियम काढण्याची गाईची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातले कॅल्शियम घटून होणारा आजार) धोका वाढतो. त्या काळात नवा खुराक दीड-दोन किलोंपासून हळूहळू वाढवत न्या आणि साल व्याल्यानंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक किलोपासून सुरू करा.